नाक्यावरची आखाजी

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात आमचा गिरधरकाका बाहेर ओट्यावर झोपत होता, कारण घरात कापूस झोपला होता. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, माजघरात कापूस, देवघरापुढे कसंबसं एक माणूस उभं राहील एवढी जागा. काकाची तरुणपणापासूनची बिडी सुटली ती तेव्हाच. मंदाकाकूने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बिडी पेटवायची असीन त नाल्यावर जाईसन पेटव." काका थोडे दिवस नाल्यावर गेला, मग कंटाळला. डॉक्टरला जे जमलं नाही ते कापसाने केलं.

मंदाकाकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माहेर पहूरचं. अंगाने काटकुळी, पण आवाज असा की तिने अंगणात हाक मारली तर मळ्यातला सालदार हातातलं काम टाकून उभा राही. तिचं सासूशी पटलं नाही, जावांशी पटलं नाही, सरपंचाशी तर नाहीच नाही. तरी गावात कोणाच्या घरी दुखलंखुपलं तर पहिली तीच पोचायची. जाऊन आधी त्यांनाच शिव्या घालायची, मग चूल पेटवायची. मला ती लहानपणी मुळीच आवडत नसे. आवडायला लागली ती माझं लग्न झाल्यावर, कारण आपल्याला न आवडणाऱ्या गोष्टी तोंडावर सांगणारं माणूस किती दुर्मीळ असतं ते सासरी कळतं.

आमचं गाव रावेरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथून थोडं पुढे गेलं की महाराष्ट्र संपतो. नाला ओलांडला की मध्य प्रदेश. माणसं तीच, केळी तीच, बोली थोडी इकडची थोडी तिकडची. आमच्याकडच्या निम्म्या पोरी तिकडे दिलेल्या आणि तिकडच्या निम्म्या इकडे आणलेल्या. मला बऱ्हाणपुरात दिली, काकूच्या लेकीला, बेबाला, तिथून जवळच एका खेड्यात.

आता तेव्हाचा कायदा सांगायला हवा, कारण आजच्या पोरांना सांगितला तर ती हसतात. महाराष्ट्रात पिकलेला कापूस सरकारशिवाय कोणाला विकायचा नाही. व्यापाऱ्याने घ्यायचा नाही, शेतकऱ्याने द्यायचा नाही आणि राज्याबाहेर तर न्यायचाच नाही. भाव सरकार ठरवणार, प्रत सरकारचा माणूस ठरवणार, तुमची गाडी कधी घ्यायची तेही तोच ठरवणार. योजना शेतकऱ्याच्या भल्यासाठी होती असं म्हणत, आणि भाव पडलेल्या सालात ती भल्याचीच होती, ते मी नाकारत नाही. पण त्या साली भाव चढले होते. बऱ्हाणपूरचे जिनिंगवाले, म्हणजे कापसातली सरकी काढणारे कारखानदार, दारात खुर्ची टाकून कापसाची वाट पाहत होते. नाल्याच्या पलीकडे भाव आणि अलीकडे कायदा.

गावातले पुरुष काय करायचे ते सांगायला नको. कडब्याखाली कापूस, शेणखताच्या ट्रॉलीत कापूस, एकाने तर पाण्याच्या टँकरमध्ये भरून नेला. हद्दीवरच्या नाक्यावर कोणाचा तरी हात ओला केला की दांडी वर होई. गिरधरकाकालाही कोणीतरी हा रस्ता सांगितला. काकाने तो घाबरत घाबरत काकूला सांगितला. काकू भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"चोराचा माल चोरून नेता येते," ती म्हणाली. "माझाच माल मी चोरू कशी? कुनाच्या घरातून चोरू?"

काका गप्प बसला. त्याचं निम्मं आयुष्य असं गप्प बसण्यात गेलं आणि त्याला त्याचं फारसं दुःख नव्हतं.

तरी काकूने आधी सरळ रस्ताच धरला होता, हे लक्षात ठेवा. हिवाळ्यात पहिल्या वेचणीची गाडी तिने सरकारी केंद्रावरच नेली होती. तिची वेचणी गावात प्रसिद्ध होती. दव सुकल्याशिवाय बाईला शेतात पाऊल टाकू द्यायची नाही. प्रत्येक बाईच्या कमरेला दोन ओट्या बांधायला लावायची, एक चांगल्या कापसाची आणि एक कवडीची. किडकी, डागाळलेली बोंडं दुसऱ्या ओटीत. बाया कुरकुरत, कारण दोन ओट्यांनी चालायला होत नाही. पण काकूचा कापूस पांढराफेक असायचा.

केंद्रावर गाड्यांची रांग लागलेली. आम्हा सगळ्यांचाच अनुभव आहे, तिथे बैल सोडून माणसं गाडीखाली संसार मांडत. काकू आणि काका असेच राहिले. अखेर प्रतवारी करणारा आला. त्याने वरवर हात फिरवला आणि पुढे जाता जाता म्हणाला, "दोन नंबर."

"भाऊ, हात आत घाल," काकू म्हणाली.

"बाई, मागे रांग पाहा."

"रांग मी पाह्यली. रांगेतच व्हती मी. तू कापूस पाह्य."

तो थांबला नाही. मग काकूने विचारलं, "आन मी नही देला त?"

त्याला हसू आलं. मागच्या गाडीवाल्यांनाही आलं. "नाही दिला तर घरी न्या. गाद्या भरा," तो म्हणाला.

काकूने बैल जुंपले आणि गाडी माघारी वळवली. केंद्रावरून भरलेली गाडी परत नेलेली कोणी पाहिली नव्हती. माणसं रांगेतून वाकून वाकून पाहत होती. काका गाडीच्या मागे मान खाली घालून चालत होता, जणू त्यालाच कोणी दोन नंबर लावला होता. त्यानंतरच्या सगळ्या वेचण्या काकूने घरातच टाकल्या आणि घराचं असं कोठार झालं. घरात कापूस साठला की अंगाला खाज येते ती वेगळीच. त्या वर्षी आमचे सगळे भाऊबंद खाजवत होते आणि काकूला शिव्या देत होते.

माघ महिन्यात माझ्या धाकट्याच्या बारशाला ती बऱ्हाणपुरात आली. आमच्या शेजारी नूर महंमद चाचा राहायचे. त्यांची कापसाची अडत आणि जिनिंग होती, आणि तिथल्या दाबून बांधलेल्या गाठी सूतगिरणीला जात. काकूने बारशाचा लाडू खाता खाता त्यांना इतके प्रश्न विचारले की ते म्हणाले, "चलो बाई, आपको गिरणीच दिखा देता हूँ." मीही बाळाला सासूकडे देऊन सोबत गेले.

गिरणीच्या गोदामात गाठींच्या थप्प्या होत्या. एका बाजूच्या गाठी निराळ्या दिसल्या. गोणपाट वेगळं, वरचे ठसे कुठल्या तरी अनोळखी लिपीतले. काकूने विचारलं हा कुठला कापूस.

"समुंदर पार का," चाचा म्हणाले. "इस साल सरकारने खोल दिया है ना. गिरणीवाले बोले, इधर का माल महँगा हो गया. तो बाहर से मंगा लिया. बंबई बंदर पे उतरा, सीधा यहाँ."

"परमिट?"

"काहे का परमिट?"

"रस्त्यात कुठी नाका नही लागला?"

"कौन रोकेगा, बाई? सरकारी हुकुम है."

काकूने गाठीच्या फटीत बोट घालून थोडा कापूस ओढून पाहिला. धागा चांगला लांब निघाला. ती त्याला वाईट म्हणाली नाही, उलट म्हणाली, "कोन्या तरी बाईनं चांगला येचला हाये." मग चाचांनी तिला उरलेलं सांगितलं. आपला कापूस परदेशी पाठवायला किती पाठवायचा ते दिल्ली ठरवते, आणि इथे भाव चढला की गिरण्या ओरडतात आणि ते दार बंद होतं. वर आता बाहेरून आत यायचं दार उघडलं आहे.

"म्हंजे दार हाये," काकू म्हणाली, "पन कडी आपल्या बाजूनं नही."

चाचा हसले. काकू हसली नाही. घरी आल्यावर ओसरीवर बसून तिने जे म्हटलं ते मी जसंच्या तसं सांगते. "पोरी, सात समुंदरावरून कापूस येते त त्याले कोनी इचारत नही. अन् मी नाला वलांडला त मी चोर. मंग मले सांग, ह्या देशातली मी का तो कापूस?"

मी उठून तिच्यासाठी चहा टाकला.

पुढे आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात तो लेकींचा सण. सासरी गेलेली प्रत्येक पोर माहेरी येते, निंबाला झोके बांधतात, गौराई बसते, आमरस आणि सांजोऱ्यांवर घर चालतं. आमच्या गावात सितारा पण यायची, चांद लोहाराची पोर, ती पण बऱ्हाणपुरात दिलेली. तिला कोणी आखाजीला ये म्हणून सांगितलं नव्हतं. गावाच्या सगळ्या लेकी येतात म्हणून तीही येई आणि झोक्यावर सगळ्यांत उंच जाई. आणि आखाजी आटोपली की लेकीला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. पापड, कुरडया, डाळी, आंब्याच्या टोपल्या, ऐपत असली तर गाय. आखाजीहून निघालेल्या लेकीची गाडी अडवायची नाही आणि एकदा उंबरा ओलांडला की तिला त्या दिवशी माघारी वळवायची नाही. तसं केलं तर माहेरची बरकत जाते असं मानतात. चोर-दरोडेखोरही पाळत, असं म्हातारे सांगत.

निघायच्या आदल्या दिवशी काकूने मला, बेबाला आणि सिताराला बोलावलं. "उद्या तुमाले मी पोचवते," म्हणाली. "तीन गाड्या जुंपते. कापसावर बसाल ना?"

आम्ही काय ते समजलो. तिघींनाही वाटलं, काकू म्हातारपणी शहाणी झाली. लेकींना आंदण म्हणून कापूस, वर गोधड्या, त्यावर आम्ही. कोण अडवेल? गिरधरकाकाने तर रातोरात गावभर सांगून टाकलं की यंदा पोरींना गाद्यांसाठी कापूस देतोय. त्याला इतकं हलकं वाटत होतं की सकाळी निघताना तो गुणगुणत होता.

उजाडल्यावर निघालो. काकू पहिल्या गाडीपुढे बैलाचा कासरा धरून चालत होती. नाक्यावर पोचलो तेव्हा चांगलं ऊन चढलं होतं. दांडी आडवी होती. नाक्यावर अभिमन नावाचा एक साहेब होता, धुळ्याकडचा, चाळिशीचा. त्याने गाड्यांभोवती एक फेरी मारली. गोधडीच्या कडेने कापूस दिसत होता, तो आम्ही लपवलाच नव्हता. साहेबाने आमच्या बांगड्या पाहिल्या, आंब्याच्या टोपल्या पाहिल्या, आणि त्याचा चेहरा निवळला.

"आखाजीच्या लेकी का?" तो म्हणाला. "मनी बहीण बी आखाजीले येल शे घरी." मग शिपायाला म्हणाला, "दांडी उचल रे. आंदण दिसतंय. गाद्या-बिद्यांचा कापूस असेल."

दांडी वर जायला लागली. बेबाने माझा हात दाबला. काका दोन्ही हात जोडून साहेबाला म्हणाला, "व्हय साहेब, गाद्यांचाच."

"गाद्यांचा नही," मंदाकाकू म्हणाली.

शिपायाचा हात थांबला.

"आंदण बी नही," काकू म्हणाली. "इक्याचा कापूस हाये. बऱ्हानपूरच्या बजारात इक्याले चालली मी."

खरं सांगते, त्या क्षणी मला काकूचा गळा दाबावासा वाटला. दांडी वर झाली होती! काकाने कपाळाला हात लावला. साहेब जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "माय, तू कसाले बोली ऱ्हायनी? जाय ना गुपचूप."

"गुपचूप जायाचं असतं त गाव झोपल्यावर गेली असती. दिवसाढवळ्या आली मी."

"मग या पोरींना का बसवलंस वर?"

"माझ्या लेकी हायेत, त्याईले पोचवते. अन् माझा कापूस हाये, त्याले इकते. दोन्ही खरं हाये. एकाच्या आड दुसरं मी लपवत नही."

साहेबाचा नाइलाज झाला. आता त्याने कानाने ऐकलं होतं आणि मागे एसटी येऊन उभी राहिली होती. एसटीतली माणसं उतरून ऐकत होती. त्याने आवाज चढवून आम्हाला खाली उतरायला सांगितलं, माल जप्त होईल म्हणाला.

सिताराने वरूनच विचारलं, "उतरून कहाँ जाऊँ, साहब? पीछे तो आज जाते नहीं, और आगे आप जाने नहीं देते."

लोक हसले. साहेब हसला नाही, कारण तो खानदेशचाच होता आणि आखाजीची लेक माघारी वळवत नाहीत हे तो जाणत होता. शिपाई आमच्या गाडीजवळ आले आणि नुसते उभे राहिले. लेकीचा हात धरून तिला गाडीवरून ओढणारा माणूस त्यांच्यात कोणी नव्हता. ऊन वाढलं. आम्ही डोक्यावर पदर घेऊन बसून राहिलो. आसपासच्या शिवारातून माणसं यायला लागली, जत्रेत बारागाड्या ओढताना पाहायला जमतात तशी. कोणी पाणी आणलं. आम्ही टोपलीतले आंबे शिपायांना पण दिले. काकूने मात्र पाणीही घेतलं नाही, ती बैलाजवळून हलली नाही. आणि जो येईल त्याला समुद्रापारच्या गाठींची गोष्ट सांगत राहिली. दुपारपर्यंत ती गोष्ट नाक्यावरच्या प्रत्येक माणसाला पाठ झाली.

साहेब दोनदा फोन करायला आत गेला. वरचा कोणी सापडला नाही किंवा सापडून बोलला नाही, देव जाणे. उन्हं कलायला लागली तसा तो बाहेर आला, स्वतः दांडी वर केली आणि गाड्यांकडे पाठ करून उभा राहिला. मी म्हटलं, सुटलो. माणसाने यापेक्षा जास्त काय करावं?

काकूने बैल हाकले नाहीत.

"भाऊ," ती म्हणाली, "पाठ नको फिरवू. तोंड इकडे कर."

"माय, आता तरी जाय!"

"तुह्या पाठीमागून नही जायाची मी. पाह्य माह्याकडे, मंग जाते."

तो वळला. त्याच्या डोळ्यांत राग होता, पाणीही होतं. "बघितलं तर मला गुन्हा लिहावा लागतो," तो म्हणाला.

"लिही. मंदाबाई म्हनून लिही. ह्याचं नाव घालू नको, तो गाद्या भराले निंघाला व्हता."

काकासकट सगळे हसले. साहेबाने नाव लिहून घेतलं. मग म्हणाला, "गुन्हा लिहिला. पण लेकी बसलेली गाडी मी माघारी वळवणार नाही. माझ्या नोकरीचं मी बघेन." आणि तो तोंड आमच्याकडे करून, दांडी धरून उभा राहिला. तिन्ही गाड्या त्याच्या डोळ्यांदेखत नाल्यापलीकडे गेल्या.

त्या गुन्ह्याचं काय झालं ते सांगून टाकते. रावेरच्या कोर्टात तारखा पडत राहिल्या. काकू प्रत्येक तारखेला नवं लुगडं नेसून जायची. वकील म्हणायचा, घरगुती वापराचा कापूस होता म्हणा, आत्ता सुटाल. ती म्हणायची नाही. शेवटी कोर्टच कंटाळलं आणि किरकोळ दंडावर भागलं. साहेबाची मात्र बदली झाली, लांब कुठेतरी. त्याचं मला आजही वाईट वाटतं. दर आखाजीला काकू त्याच्या नावाची एक सांजोरी बाजूला काढायची आणि वाटेने जाणाऱ्या पहिल्या माणसाला द्यायची.

पण त्या दिवशीचं राहिलं. रात्र आम्ही बऱ्हाणपुरात माझ्या सासरच्या अंगणात काढली आणि सकाळी गाड्या चाचांच्या जिनिंगवर नेल्या. नाक्याची बातमी आमच्या आधी पोचली होती. नूर महंमद चाचा फाटकापर्यंत सामोरे आले. त्यांनी कोपरापर्यंत हात कापसात घातला, तळातून मूठभर काढला, उजेडात धरला, पुन्हा दुसऱ्या गाडीत हात घातला. "माल एक नंबर है," म्हणाले. मग व्यापाऱ्यांसारखं रुमालाखाली बोटं धरून वगैरे नाही, सगळ्यांसमोर भाव सांगितला. सरकारी भावापेक्षा तो चांगलाच वर होता. काकाचे डोळे लकाकले. तो गाडीचे दोर सोडायलाच लागला.

"देती क्या, बाई?" चाचांनी विचारलं.

काकूने बैलाच्या मानेवरून हात फिरवला.

"नही," ती म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. चाचांना थोडा राग आला. "बाई, इसके लिए कल दिनभर धूप में खडी रही, और अब ना बोलती हो?"

"मंदे, भाव चांगला हाये ना!" काका रडकुंडीला येऊन म्हणाला.

"चांगला हाये, मले कयते," काकू म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "नूरभाई, राग धरू नका. येईन मी माघारी, कदाचित तुमालेच देईन. पन आज मले नही म्हनू द्या. इतके वरीस कापूस पिकोला, देतीस का म्हनून मले कोनी इचारलंच नही."

तिने कासरा ओढला आणि गाडी शेजारच्या जिनिंगकडे वळवली.